सप्रेम भेट, आमच्याच खर्चाने

बाजीराव रोडवर दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते जमवले, दिवे जमवले, दौती जमवल्या. त्याचं संग्रहालय झालं आणि १९७५ मध्ये त्यांनी ते राज्य सरकारला देऊनही टाकलं. मी मनोविकारांवरच्या औषधांच्या जाहिरातीची पेनं जमवली, तर घरच्यांनी डॉक्टरांना फोन केला.

"ह्यांची जमवाजमव फार वाढलीय. डोस बघता का जरा?"

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी विषय काढलाच. काय जमवता? सांगितलं. कुठे ठेवता? टेबलाच्या खणात. खण भरलाय? काठोकाठ. त्यांनी मान डोलावून केसपेपरवर काहीतरी टिपून घेतलं. टिपलं ज्या पेनाने, ते माझ्या संग्रहात नव्हतं. फिकट जांभळं, आणि वरच्या टोकाला, जिथे दाबायचं, तिथे रबराचा छोटा मेंदू. मेंदू दाबला की रिफिल बाहेर येते. त्यांच्या टेबलावर त्या वेळी एक पेनस्टँड, एक घड्याळ, एक कॅलेंडर, मोबाइल ठेवायचा एक आडवा पाट, टिश्यूचा डबा, एक पेपरवेट आणि मधोमध उघडणारा एक प्लॅस्टिकचा मेंदू होता. प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या गोळीचं नाव. टेबलाच्या पलीकडे हे सगळं असलं की कार्यालयीन सामान, अलीकडे आलं की लक्षण.

डॉक्टर भला माणूस. जाताना ते पेन मी मागितलं तर देऊन टाकलं. केसपेपरवर त्याचीही नोंद झाली असेल.

संग्रहाचा मुख्य स्रोत मात्र डॉक्टर नव्हे, दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेला एमआर, म्हणजे औषध कंपनीचा विक्रेता. मे महिन्यात गळ्यात टाय, मांडीवर काळी बॅग, आणि बॅगेत आमच्या दुखण्यांचे रंगीत पुठ्ठे. त्याच्या डोक्यावर पाटी: 'एमआर मंडळींनी रुग्ण संपल्यावरच आत जावे.' पुण्यात पाट्यांना घाबरून चालत नाही, पण मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात 'रुग्ण संपल्यावर' हे वाचलं की बाकावरची सगळी मंडळी एकदम भिंतीकडे बघायला लागतात. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या बाई, हेल्मेट न काढलेले गृहस्थ, आणि 'मी वरच्या मजल्यावर दातांसाठी आलोय' असं कुणी न विचारता सांगणारा एक जण. या सगळ्यांत मोकळ्या चेहऱ्याने बसलेला एकटा एमआर. त्याला काय, तो विकायला आलाय.

या एमआरशी गप्पा मारल्या की कळतं, त्याला आपल्याबद्दल बरीच माहिती असते. नाव सोडून बाकी सगळी. दवाखान्यातून निघून तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जातो आणि या डॉक्टरांकडून कुठल्या गोळीच्या किती चिठ्ठ्या आल्या ते विचारून घेतो. त्यांच्या भाषेत याला 'आरसीपीए' म्हणतात. मी रात्री झोपलो की नाही हे घरात कुणाला ठाऊक नसतं, पण माझी झोपेची गोळी मागच्या महिन्यात कुठल्या कंपनीची होती हे त्याच्या मॅनेजरला तक्त्यावर दिसतं.

या धंद्याचा आमच्यावरचा जीव तसा जुना. उत्तमभाई मेहता हे मूळचे एमआर. नोकरी सोडून १९५९ मध्ये त्यांनी ट्रिनिटी नावाची कंपनी काढली, आणि तिला हात दिला तो मनोविकारांवरच्या औषधांनी. तीच पुढे टोरंट झाली. १९८३ मध्ये दिलीप संघवींनी वापीत सन फार्मा सुरू केली ती मनोविकारांवरच्या अवघ्या पाच औषधांवर, आणि त्यात लिथियम होतं. पुढे ती देशातली सगळ्यात मोठी औषध कंपनी झाली. यात गणित अवघड नाही. सर्दीचा रुग्ण आठवड्याचा पाहुणा. आम्ही घरचे. डॉक्टर मोजके, शहरं मोजकी, गोळी मात्र वर्षानुवर्षं. दोन-चार विक्रेते फिरले तरी भागतं. तेव्हा देशातल्या दोन बड्या उद्योगांच्या पायात आमच्या झोपा, आमच्या धास्ती आणि आमचे चढउतार पुरलेले आहेत. कोनशिलेवर नाव नको म्हणतो मी. पण एक बॉलपेन मागितलं तर लक्षण?

आता संग्रहाकडे वळू. कंपन्यांच्या कल्पकतेला दाद द्यावी अशा वस्तू त्यात आहेत. ओलान्झापीन घेतलं की भूक खवळते आणि वजन चढतं, हे माहितीपत्रकात मुंगीच्या अक्षरात छापलेलं असतं. त्या गोळीची भेट काय? जेवणाचा डबा. तीन कप्प्यांचा. झोपेच्या गोळीची भेट टेबलावरचं घड्याळ, ज्याचे काटे अंधारात चमकतात, म्हणजे रात्री दोन वाजता नक्की किती वाजलेत याबद्दल शंका राहू नये. क्लोझापीनने रात्रभर लाळ गळते, सकाळी उशी ओली असते; तिथे एखादा टॉवेल कामाला आला असता, पण तो कुणालाच सुचला नाही.

सगळ्यांत वरची वस्तू म्हणजे लिथियमच्या एका ब्रँडचा मग. बाहेरून काळा. गरम चहा ओतला की काळा रंग विरत जातो आणि गोळीचं नाव उगवतं. लिथियम घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या हाताला बारीक कंप असतो. माझ्याही आहे. तर स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत हा मग मी दोन्ही हातांनी धरून आणतो. पहिलं अक्षर दिसायला लागतं तेव्हा मी फ्रिजपाशी असतो, पूर्ण नाव उमटतं तेव्हा निम्मा चहा फरशीवर असतो. बायको मागून फडकं घेऊन येते. जाहिरात मात्र पूर्ण होते. याच औषधासाठी दुसऱ्या एका कंपनीने पाण्याची बाटली दिली. लिथियमवाल्याने पाणी भरपूर प्यावं, मिठाचं प्रमाण एकदम बदलू नये, रक्तातली पातळी तपासत राहावी, त्यामुळे एवढी एक वस्तू नेमकी सुचली म्हणायची. ती गळते.

पेनांची गंमत आणखी वेगळी. बँकेत कुणाला दिलेलं पेन परत येत नाही, हा पुण्याचा नियम. माझी पेनं येतात. समोरचा माणूस स्लिप भरता भरता पेनावरचं नाव वाचतो, अर्थ लागत नाही, मग कंपनीचं घोषवाक्य वाचतो, 'शांत मन, स्थिर जीवन' वगैरे, आणि पेन दोन बोटांत धरून पोचतं करतो. पण एकदा लक्ष्मी रोडवरच्या एका शाखेत एका साठीच्या गृहस्थांनी पेन घेतलं आणि नाव वाचून थबकले.

"तुम्ही एमआर का?"

"नाही."

"डॉक्टर?"

"नाही."

ते गप्प. चेकचा नंबर लिहिला, रक्कम लिहिली, अक्षरी लिहिली, खाली 'मात्र' लिहिलं. पेन परत देताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीही यावरच आहे, दहा मिलिग्रॅम. रात्री घेतो."

"मला सकाळी दिलीय. दिवसभर पेंग येते."

"डॉक्टरांना विचारा की रात्रीची करून. मी तेच केलं." आणि मग एकदम मोठ्यांदा, काउंटरला ऐकू जाईल असं, "बराय, एफडीचं बघतो!"

पुण्यात या विषयावर लोकांनी बोलावं म्हणून माणसांनी हाडाची काडं केली. कॅलगरीला शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ मध्ये इथे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली, त्यांच्याच प्रयत्नांतून २००४ मध्ये 'देवराई' हा चित्रपट आला. डॉ. मोहन आगाशे ससूनमध्ये मानसोपचार शिकवत आणि रंगभूमीवर नाना फडणवीस होत. तरीही सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी जास्त बोलला की 'याला येरवड्याला पाठवा' हा विनोद अजून खपतो, आणि ऐकणाऱ्यांतला एक जण खिशातली गोळ्यांची पट्टी चाचपून सगळ्यांबरोबर हसतो. मधुमेहवाल्यांना ही अडचण नाही. आमच्या शेजाऱ्यांनी इन्सुलिनच्या कंपनीची पिशवी खांद्याला लावून सारसबागेला फेऱ्या मारल्या, हृदयवाल्या काकांनी रक्तदाबाच्या गोळीची टोपी घातली, कुणी वळूनही पाहिलं नाही. माझ्याकडेही एक छत्री आहे. निळी, उत्तम दांडीची, वर नैराश्यावरच्या गोळीचं नाव हातभर अक्षरांत. कर्वे रोडवर धो धो पावसात मी ती मिटून भिजत आलेलो आहे.

सरकारने मात्र या विषयाचा फार खोल विचार केलेला आहे. म्हणजे डॉक्टरांनी काय घ्यावं याचा. डिसेंबर २००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटी घ्यायला बंदी केली. त्यावर कंपन्यांचं म्हणणं असं की नियम घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही. म्हणजे लाच घेणं गुन्हा, देणं दानधर्म. हा दानधर्म आयकरात खर्च म्हणून दाखवायला एक कंपनी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ॲपेक्स लॅबोरेटरीज. रक्कम पावणेपाच कोटींच्या घरातली, आणि प्रकरणात सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप असा रुखवत. २२ फेब्रुवारी २०२२ ला न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांनी सांगितलं की हे चालणार नाही, आणि जाता जाता हेही सांगितलं की या भेटी फुकट नसतात. त्यांचा खर्च औषधाच्या किमतीत मिसळतो आणि तो भरतो रुग्ण.

हे वाचल्यावर मी खण उघडून बसलो. एवढा वेळ मला वाटत होतं मी मागून आणतोय. मी तर वसुली करत होतो! तीही व्याजाशिवाय.

पुढे १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने नवी आचारसंहिता आणली. आधीची २०१५ पासून होती, तीही ऐच्छिक, म्हणजे पाळली तर कौतुक. नव्या संहितेत डॉक्टरला द्यायच्या वस्तूची किंमत एक हजार रुपयांच्या आत असावी, वस्तू माहिती देणारी किंवा शैक्षणिक असावी. पुस्तकं, कॅलेंडरं, डायऱ्या, नियतकालिकं, उपचारांच्या मार्गदर्शिका, उपकरणांचे नमुने. आणि या वस्तूला डॉक्टरच्या दृष्टीने स्वतंत्र व्यापारी मूल्य नसावं.

आता औषध कंपनीचं कॅलेंडर व्यापारी मूल्याशिवाय कसं करायचं, हा प्रश्न कुणाला पडला असेल तर त्याने आमच्या मावशीला विचारावं. मी तिला एक दिलं होतं. चकचकीत कागद, दर महिन्याला एक हसरं कुटुंब, कुत्र्यासकट. मावशीने पान उलटलं, परत उलटलं. "चतुर्थी कुठंय?" नाही म्हटलं. "एकादशी?" नाही. "दूधवाल्याचं लिहायला जागा?" तीही नाही. ज्या राज्यात १९७३ पासून जयंतराव साळगावकरांच्या 'कालनिर्णय'ने भिंती अडवल्यात, तिथे तिथी नसलेल्या कॅलेंडराला मूल्य येणार कुठून? संहितेचं पालन झालं. ते कॅलेंडर आता मावशीच्या डाळीच्या डब्यांखाली आहे, एकेका महिन्याचं हसरं कुटुंब तूरडाळीने दाबलेलं.

संहितेत औषधांच्या फुकट नमुन्यांचंही कलम आहे. एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला बारा पाकिटं, त्याहून जास्त नाहीत, एका पाकिटात जास्तीत जास्त तीन रुग्णांपुरतंच औषध. पण झोपेची आणि शामक औषधं नमुना म्हणून द्यायचीच नाहीत. कारण रास्त आहे, वाद नाही. ही औषधं खेळणी नव्हेत. फक्त परिणाम बघा. ॲसिडिटीवाल्याला डॉक्टर खणातून आठवड्याच्या गोळ्या काढून देतात, 'आधी या संपवा'. निद्रानाशवाल्याला त्याच खणातून पेन मिळतं. रात्रभर जागं राहून लिहायला.

नियम आला म्हणजे तो पाळला गेला असं कुणी समजू नये. याच संहितेखाली डिसेंबर २०२४ मध्ये ॲबव्ही या कंपनीला फटकारण्यात आलं, कारण तिने तीस डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेलं होतं. निमित्त सौंदर्य आणि वार्धक्य रोखण्याच्या परिषदांचं, खर्च पावणेदोन कोटींच्या वर. शिक्षा? फटकार. आमच्या शाळेत डबा लवकर खाल्ला तर याहून जास्त व्हायचं. सुरकुत्यांवरचे डॉक्टर मोनॅकोला, आणि आम्ही गळक्या बाटलीवर. खरं तर उतरती भाजणी मनाच्या विकारांना नवी नाही; विमा असो, बजेट असो, भेटी असोत, आमचा नंबर शेवटचा. अमेरिकेत कंपन्यांनी जानेवारी २००९ पासून पेनं आणि मग आपणहून बंद केले, तेव्हा तिथल्या संग्राहकांचा झरा आटला. त्याआधी मात्र कहर झाला होता. जॉन्सन अँड जॉन्सनने 'रिस्पर्डाल' असं नाव उठवलेले लेगोचे ठोकळे काढले होते. लहान मुलांच्या डॉक्टरांकडे, बाहेर वाट बघत बसलेल्या मुलांच्या हाताशी. २०१३ मध्ये रिस्पर्डालसह काही औषधांच्या विक्रीपद्धतीवरून कंपनीने २२० कोटी डॉलरहून जास्त मोजून प्रकरण मिटवलं. त्या ठोकळ्यांतला एक मिळाला तर मी माझा मग द्यायला तयार आहे.

इकडे पुण्यातही पुरवठा कमी झालाय हे खरं. परवा बाकावरच्या एमआरकडे हात पुढे केला तर म्हणाला, "सर, आता काही नाही. कंपनीने सगळं डिजिटल केलंय. क्यूआर कोड स्कॅन करा, ई-जर्नल येईल." मी स्कॅन केला. पहिलाच प्रश्न: 'आपण नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक आहात का?' खाली दोन चौकोन, होय आणि नाही. नाही म्हटलं तर पान बंद. पंधरा वर्षांत तीन नियमावल्या आल्या, एक मोठा निकाल आला, २० हजारांवरच्या भेटींवर १० टक्के टीडीएसही आला, जुलै २०२२ पासून. या सगळ्यात कंपनी आहे, डॉक्टर आहे, आयकर खातं आहे. पैसे भरणारा कुठे दिसतो का म्हणून मी शोधून पाहिलं. तो त्या 'नाही'च्या चौकोनात आहे.

तरी मनात एक हिशेब राहिला होता. पेनं कमी झाली, मग बंद झाली, डबे गेले, छत्र्या गेल्या. हा सगळा खर्च जर गोळीत होता, तर गोळी उतरायला हवी. गेलो केमिस्टकडे.

"काका, या स्ट्रिपचा भाव काय आता?"

त्यांनी स्ट्रिप उलटी करून छापील आकडा दाखवला. मागच्यापेक्षा वर.

"अहो, पेनं बंद झाली ना!"

"कसली पेनं?"

"कंपनीची. गिफ्टं. त्याचे पैसे वाचले ना कंपनीचे."

"ही नवी बॅच आहे," काका म्हणाले. "सरकारी यादीत नसलेल्या औषधाला वर्षाला दहा टक्के वाढवायची मुभाच आहे. २०१३ पासून. पेनाचा काय संबंध?"

झोपेच्या गोळीची नोंद एच-वन रजिस्टरात करावी लागते, डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, तारीख, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. काकांनी ते काढलं, पान उघडलं, आणि काउंटरवर पेन शोधायला लागले. मिळेना. मी खिशातलं काढून दिलं. फिकट जांभळं, मेंदूवालं. काकांनी मेंदू दोनदा दाबून बघितला, खूश झाले, माझं नाव लिहिलं, आणि पेन सरळ आपल्या खिशाला लावलं.

"काका, पेन."

"राहू दे की. कंपनीचंच तर आहे, फुकटचं."

"नाही," मी हात पुढे केला. "याचे पैसे मी भरलेत."